हवामानविषयक निर्णयांत नागरिकांना सहभागी करून घेताना

महापालिका किंवा नगरपरिषद आपल्या क्षेत्रासाठी हवामान कृती आराखडा तयार करते, तेव्हा कामाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. सल्लागार संस्था माहिती गोळा करते, मसुदा तयार होतो, तो संकेतस्थळावर ठेवून ठरावीक मुदतीत सूचना मागवल्या जातात आणि मुदत संपली की किरकोळ बदल करून अंतिम आराखडा प्रसिद्ध केला जातो. या क्रमात नागरिक अगदी शेवटी येतो. आणि येतो तोही असा, की ज्याला जाडजूड इंग्रजी मसुदा वाचता येतो, ई-मेल लिहिता येतो आणि या दोन्हींसाठी सवड काढता येते. पत्र्याच्या खोलीत राहणारी घरकामगार बाई, मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा गवंडी, पुराचे पाणी दरवर्षी ज्याच्या दुकानात शिरते तो किराणा दुकानदार, हे लोक उष्णतेचा आणि अतिवृष्टीचा मार सर्वांत आधी खातात, परंतु सूचनांच्या यादीत त्यांचे नाव सहसा सापडत नाही.

प्रस्तुत मार्गदर्शन अशा प्रक्रियेची आखणी करणारे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यासाठी, तसेच ती नीट व्हावी म्हणून पाठपुरावा करणाऱ्या नागरिक गटांसाठी आहे. लोकसहभागाचे यशापयश सभेच्या दिवशी ठरत नाही, हे त्यामागचे मुख्य म्हणणे आहे. लोकांपुढे नेमका कोणता प्रश्न ठेवला, कोणाला बोलावले आणि त्यांच्या उत्तराचे काय करायचे हे आधी लेखी मान्य केले की नाही, या तीन गोष्टींनी ते सभेच्या कितीतरी आधी निश्चित झालेले असते. म्हणून येथे सभेपेक्षा सभेच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

कायद्याचा आधार

हवामान आराखडा करताना लोकांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विकास आराखड्याचे तसे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे हरकतदारांची सुनावणी घ्यावी लागते. या हरकतींत किती ताकद असू शकते हे मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. शहराच्या २०३४ पर्यंतच्या प्रारूप विकास आराखड्याविरुद्ध हजारो हरकती दाखल झाल्या आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने करण्यास सांगावे लागले. हवामान आराखड्याला असे कायदेशीर दात नाहीत. मुंबई हवामान कृती आराखड्यासाठीही २०२१ मध्ये सूचना मागवल्या गेल्या, मार्च २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढे शोषले जावेत असे, लक्ष्य मांडले गेले. परंतु त्यातील एखादी तरतूद वगळली गेली म्हणून नागरिकाला नियोजन समितीपुढे उभे राहता येत नाही.

तरीही हाताशी काही नाही असे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ (१) (ग) सार्वजनिक प्राधिकरणाला महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करण्यास सांगते आणि त्यापुढचे (घ) हे खंड, निर्णयाची झळ पोहोचणाऱ्या व्यक्तींना त्याची कारणे देण्यास सांगते. माहिती अधिकाराचा अर्ज करणारे पुष्कळ आहेत. या दोन खंडांची आठवण करून देणारे मात्र फार थोडे. याखेरीज, माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्या यांच्यासंबंधीच्या एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो असे म्हटले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आणि महाराष्ट्राने २००९ च्या कायदा दुरुस्तीने त्याखाली क्षेत्रसभाही आणली. क्षेत्रसभा प्रत्यक्षात क्वचितच भरते. पण जिथे आयुक्त किंवा नगरसेवक प्रक्रिया सुरू करण्यास राजी आहेत, तिथे ‘कशाच्या आधारावर?’ या लेखा विभागाच्या प्रश्नाला ही तरतूद चांगले उत्तर ठरते.

प्रश्न कसा मांडावा

‘हवामान बदलाबाबत आपल्या सूचना कळवा’ हा प्रश्न नव्हे. त्याला येणारी उत्तरे आधीच सांगता येतात: झाडे लावा, प्लॅस्टिक बंद करा, शाळांत जनजागृती करा. ही उत्तरे चुकीची नाहीत, परंतु त्यांतून कोणत्याही विभागप्रमुखाला काय करायचे ते कळत नाही. याउलट प्रश्न फार खाली आणला तर धोरण हरवते. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांनुसार अंदाजपत्रकात कामे समाविष्ट करण्याची पद्धत आहे, आणि देशात असे सातत्य दुर्मीळ असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे. पण ‘तुमच्या भागात कोणते काम हवे?’ असे विचारले की पदपथ, बाके, दिवे अशीच कामे पुढे येतात. लोकांना दूरचे दिसत नाही म्हणून असे होत नाही; विचारलेच तेवढे असते.

योग्य प्रश्नात तीन गुण असावेत. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्या संस्थेकडे असावा, त्यात खरी निवड असावी, म्हणजे एक गोष्ट घेतली तर दुसरी काही प्रमाणात सोडावी लागेल, आणि तो सामान्य माणसाच्या अनुभवाला भिडणारा असावा. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील चार-पाच लाख वस्तीच्या एखाद्या शहराचे उदाहरण घेऊ. औष्णिक वीजकेंद्रे कधी बंद करावीत हे ती महापालिका ठरवू शकत नाही. तो प्रश्न नागरिकांपुढे ठेवणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय. परंतु उन्हाळ्यातील उष्णतेचा प्रश्न तिच्या हातातला आहे. ‘मार्च ते जून या काळात उष्णतेने होणारा त्रास आणि मृत्यू कमी करण्यासाठी पुढील तीन वर्षांत उपलब्ध निधी कोणत्या वस्त्यांत, कोणत्या कामांवर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावा?’ या प्रश्नाला पत्र्यांवर पांढरा थर देणे, सावलीचे थांबे, पाणपोया, रस्त्याकडेची झाडे, उद्याने दुपारी उघडी ठेवणे, महापालिकेच्या बांधकामांवरील मजुरांच्या कामाच्या वेळा बदलणे अशी अनेक उत्तरे संभवतात, आणि सर्वांना एकाच वर्षी पैसे मिळणार नाहीत. तिथे लोकांच्या विचाराची खरी गरज पडते.

उष्णतेच्या आराखड्यांची पायवाट आपल्याकडे आधीच पडलेली आहे. २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये असा आराखडा केला आणि नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. त्यांतील इशाऱ्यांची यंत्रणा आणि रुग्णालयांची सज्जता हे भाग तज्ज्ञांनीच करायचे आहेत. मात्र इशारा आल्यावर रोजंदारीवरील माणूस काम सोडून घरी का जात नाही, याचे उत्तर त्याच्याकडेच आहे.

प्रश्नाचा मजकूर अंतिम करण्यापूर्वी तो दहा-बारा अनोळखी लोकांना वाचून दाखवावा आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. ‘अनुकूलन’, ‘उपशमन’, ‘लवचीकता’ हे शब्द आराखड्यात राहू द्यावेत. प्रश्नात त्यांना जागा नाही.

येथे एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. निर्णय आधीच झाला असेल, निविदा निघाली असेल किंवा निधीचे वाटप पूर्ण झाले असेल, तर सहभागाची प्रक्रिया मुळीच घेऊ नये. साधी माहिती सभा घ्यावी आणि तिला माहिती सभाच म्हणावे. ठरलेल्या गोष्टीवर लोकांची मोहोर उमटवून घेतली की पुढच्या खऱ्या बैठकीला माणसे येत नाहीत, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही.

माणसे कशी निवडावीत

खुल्या सभेचे आमंत्रण दिले की तीच माणसे येतात: निवृत्त अधिकारी, पर्यावरण संस्थांचे कार्यकर्ते, गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष आणि नगरसेवकांनी आणलेले लोक. त्यांचे म्हणणे ऐकावे, परंतु ते शहराचे म्हणणे नव्हे. या अडचणीवर गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी एक जुना उपाय काढला आहे, तो म्हणजे सोडत. आयर्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळातील नागरिक सभेत ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष होत्या. हवामान बदलाच्या विषयावर त्यांनी २०१७ मध्ये दोन सप्ताहान्त खर्च केले आणि १३ शिफारशी केल्या. फ्रान्सने २०१९-२० मध्ये १५० नागरिकांची हवामान सभा भरवली. ब्रिटनच्या संसदीय समित्यांनी २०२० मध्ये १०८ जणांची सभा घेतली. आपल्याला यात परके वाटावे असे काही नाही. सरपंचपदाचे आरक्षण आणि म्हाडाची घरे सोडतीनेच ठरतात, आणि तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून त्या काढण्याची रीत सविस्तर नोंदलेली आहे.

सोडत मात्र नुसती काढून भागत नाही. तिला गटांची चौकट लागते. मध्यम आकाराच्या शहरासाठी ४० ते ६० माणसे पुरेशी आहेत. त्यांत स्त्रिया निम्म्या असाव्यात, आणि वय, प्रभाग, घराचा प्रकार व उपजीविका यांचे प्रमाण शहरातील प्रमाणाशी जुळावे. उष्णतेच्या प्रश्नासाठी घराचा प्रकार हा निकष जातीधर्माच्या किंवा शिक्षणाच्या निकषापेक्षाही बोलका ठरेल. स्लॅबखाली झोपणारा आणि पत्र्याखाली झोपणारा यांचा उन्हाळा एक नसतो. ब्रिटनमध्ये एक उपयुक्त काळजी घेण्यात आली होती. हवामान बदलाची चिंता किती वाटते हाही निवडीचा एक निकष होता, त्यामुळे ज्यांना चिंता वाटत नाही असे लोकही लोकसंख्येतील प्रमाणात सभेत बसले. ही गोष्ट आपल्याकडे टाळली जाण्याची शक्यता अधिक आहे, आणि म्हणूनच ती आग्रहाने करावी. विषयाच्या आधीच प्रेमात असलेल्यांची सभा एकमताने ठराव करते आणि त्या ठरावाला बाहेर कोणी विचारत नाही.

नावे कोठून काढावीत? मतदार यादी हाताशी असते, परंतु तिच्यात अठरा वर्षांखालील मुले नसतात आणि बाहेरून आलेले कामगार बहुधा त्यांच्या गावच्या यादीत असतात. उन्हात काम करणारे नेमके हेच. म्हणून मतदार यादीतून काढलेल्या नावांना दोन पूरक मार्ग जोडावेत: आशा सेविकांकडील घरोघरच्या नोंदींच्या आधारे निवडलेल्या वस्त्यांतील घरे, आणि मजूर अड्डे, बाजार व बांधकामाच्या जागा येथे प्रत्यक्ष जाऊन काढलेल्या चिठ्ठ्या. आमंत्रणे गरजेपेक्षा कित्येक पटींनी अधिक लागतात. ब्रिटनमध्ये ३०,००० घरांना पत्रे गेली आणि तयारी दाखवणारे दोन हजारांहून कमी निघाले. आपल्याकडे टपालाने आलेल्या सरकारी पत्राचा पहिला परिणाम धास्ती हा असतो. अतिक्रमणाची नोटीस तर नाही ना, असे वाटते. त्यामुळे आमंत्रण घरी जाऊन, ओळखीच्या सेविकेबरोबर, तोंडी समजावून द्यावे.

शेवटची सोडत सर्वांसमक्ष, सभागृहात, पत्रकारांच्या उपस्थितीत काढावी. आयर्लंडमध्ये सदस्य शोधण्याचे काम ज्या कंपनीकडे होते तिच्या एका कर्मचाऱ्याने काही जणांना ओळखीपाळखीतून घेतल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि सात सदस्यांना वगळावे लागले. इतक्या काटेकोर प्रक्रियेत हे घडू शकते, तर प्रभागातील राजकारणाच्या ताणात ते घडणारच नाही असे गृहीत धरू नये. पदाधिकारी, नगरसेवक, ठेकेदार आणि महापालिकेचे कर्मचारी यांना सोडतीतून वगळण्याचा नियम आधीच प्रसिद्ध करावा.

आणखी एक बाब आहे, जिच्यावर पैसे वाचवण्याचा मोह प्रत्येक कार्यालयाला होतो: भत्ता. सभेला येणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. फ्रान्सने सदस्यांना प्रतिदिन मानधन दिले. आयर्लंडने त्या सभेसाठी फक्त खर्च दिला आणि तिथे सदस्य गळण्याचे प्रमाण लक्षणीय होते. किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक भत्ता, येण्याजाण्याचे भाडे, जेवण आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय ही चार कलमे अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावीत. ती नसतील तर सोडतीने आलेली माणसे दुसऱ्या बैठकीपर्यंत पांगतात आणि उरतात ते पुन्हा सवड असलेलेच.

अभ्यासाचा टप्पा

सामान्य माणसाला हवामान विज्ञान कळणार नाही, हा आक्षेप बहुतेक बैठकांत कोणीतरी घेतोच. त्याला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्यामागची पद्धत तितकी प्रसिद्ध नाही. तिथे निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि विषय समजून घेणारा अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार येतात, बोलतात, प्रश्नांना उत्तरे देतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तो सर्वसहमतीने घेते. जाणकाराचा मान आणि निर्णयाचा अधिकार यांची अशी विभागणी अनेक मोठ्या संस्थांनाही साधलेली नाही. याच गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलाचा कारभार त्याने हाती घेतला.

शहरातील सभेसाठी हेच तत्त्व वापरावे. किमान दोन पूर्ण दिवस फक्त समजून घेण्यासाठी राखावेत आणि त्या दिवसांत कोणताही ठराव मांडू देऊ नये. वक्ते निवडताना एकाच मताचे सारे लोक आणू नयेत. रस्त्याकडेची झाडे वाढवा म्हणणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाबरोबर भूमिगत वाहिन्या सांभाळणारा अभियंताही बोलावा, आणि कामाच्या वेळा बदला म्हणणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठेकेदारही. प्रत्येकाला वीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये आणि तेवढाच वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. प्रश्न गटांत ठरवून एकाने विचारावेत, म्हणजे माइक धरायला संकोचणाऱ्याचा प्रश्नही पोहोचतो.

माहिती शक्य तितकी त्याच शहराची असावी. जागतिक सरासरी तापमानवाढीचा आलेख एकदा दाखवून पुरे. त्यापेक्षा प्रभागवार नकाशा, रुग्णालयातील एप्रिल-मे महिन्यांतील नोंदी आणि पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या यांतून अधिक कळते. पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीच्या मधल्या आठवड्यात सदस्यांना साधे तापमापक द्यावेत आणि दुपारी तीन वाजता व रात्री दहा वाजता घरातले तापमान लिहून आणायला सांगावे. रात्रीही न उतरणारी उष्णता हा तज्ज्ञांच्या सादरीकरणातला एक मुद्दा असतो. स्वतःच्या वहीतले आकडे शेजारच्याच्या आकड्यांशेजारी ठेवले की तो सभेचा स्वतःचा निष्कर्ष होतो. भाषेबद्दल इतकेच, की सारे साहित्य मराठीत असावे, सभेत हिंदी, उर्दू, तेलुगू किंवा गोंडी बोलणारे असतील तर दुभाषा असावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीच माहिती ध्वनिमुद्रित करून द्यावी.

चर्चा आणि ठराव

प्रत्यक्ष चर्चा सात-आठ जणांच्या गटांत, गोलाकार बसून व्हावी. प्रत्येक गटात एक सूत्रधार असावा, जो स्वतःचे मत देणार नाही आणि जो महापालिकेचा कर्मचारी नसेल. समाजकार्य महाविद्यालयांतील प्रशिक्षित विद्यार्थी हे काम उत्तम करतात. व्यासपीठ, हार, दीपप्रज्वलन आणि मान्यवरांची भाषणे टाळावीत. हा शिष्टाचाराचा मुद्दा वाटेल, पण अर्धा दिवस त्यातच जातो आणि कोण बोलणार व कोण ऐकणार हेही त्यातच ठरून जाते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातली तरतूद शहरी प्रक्रियेतही उचलण्यासारखी आहे. पहिल्या फेरीत स्त्रियांचे गट वेगळे बसवले की पाणी, स्वयंपाकघरातील उष्णता, शौचालय टाळण्यासाठी पाणी कमी पिणे असे विषय निघतात, जे मिश्र गटात निघणे कठीण असते.

अध्यक्ष निःपक्ष असावा. आयर्लंडने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांना नेमले होते; आपल्या शहरात निवृत्त न्यायाधीश किंवा सर्वमान्य प्राचार्य सापडतात. ठरावांवर आधी सहमतीचा प्रयत्न करावा आणि ती न झाल्यास गुप्त मतदान घ्यावे. मतांचे आकडे आणि विरोधी मताची कारणे अहवालात जशीच्या तशी द्यावीत. पन्नासपैकी अठ्ठावीस जणांनी मान्य केलेली शिफारस आणि अठ्ठेचाळीस जणांनी मान्य केलेली शिफारस यांतला फरक आयुक्तांना दिसला पाहिजे. अहवाल सल्लागाराने ‘सुधारून’ लिहू नये. मसुदा सदस्यांनी वाचून किंवा ऐकून मंजूर करावा.

उत्तर देण्याची बांधिलकी

लोकांनी उत्तर दिल्यावर संस्था काय करणार, हे प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करावे, आणि जे पाळता येईल तेवढेच जाहीर करावे. फ्रान्सचे अध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी नागरिक सभेच्या शिफारशी ‘गाळणी न लावता’ पुढे पाठवू असे म्हटले होते. सभेने १४९ प्रस्ताव दिले, अध्यक्षांनी त्यांतील तीन बाजूला ठेवले, आणि पुढे कायदा होईपर्यंत बाकीच्यांतील बरेच पातळ झाले. २०२१ च्या आरंभी त्याच सदस्यांनी सरकारच्या प्रतिसादाला १० पैकी सुमारे सव्वातीन गुण दिले. कमी वचन देऊन ते पूर्ण केले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

गोव्याचा अनुभव घराजवळचा आहे आणि अधिक कडू आहे. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या उठावामुळे २००७ मध्ये रद्द झाला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने प्रादेशिक आराखडा २०२१ चा मसुदा केला आणि तो नकाशांसह पंचायतींकडे सूचनांसाठी पाठवला. गावांनी बसून आपापल्या शेतजमिनी, खाजणे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी), डोंगरउतार यांचा विचार केला आणि सूचना दिल्या. परंतु अंतिम आराखडा आपण सुचवल्याप्रमाणे नाही, अशी तक्रार अनेक गावांतून आली आणि २०१२ मध्ये तो स्थगितच ठेवला गेला. सूचना मागवण्याचा भाग तिथे आपल्याकडील बहुतेक ठिकाणांहून चांगला झाला होता. सूचना आणि अंतिम नकाशा यांच्या मधल्या टप्प्यात काय घडले, कोणती सूचना कोणत्या कारणाने नाकारली, हे गावांना समजले नाही.

यावर उपाय साधा आहे आणि त्यासाठी कार्यालयीन शिस्तीपलीकडे काही लागत नाही. प्रत्येक शिफारशीपुढे मान्य, अंशतः मान्य की अमान्य, त्याची कारणे, जबाबदार विभाग, अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष आणि मुदत असे रकाने असलेला तक्ता शिफारशी मिळाल्यापासून साठ किंवा नव्वद दिवसांत प्रसिद्ध करावा. अमान्यतेचे कारण ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ एवढेच देऊ नये. कोणती तांत्रिक अडचण, तेही लिहावे. लेखाशीर्षाचा रकाना रिकामा असलेली मान्यता ही मान्यता नसते. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये पहिल्यांदा स्वतंत्र हवामान अंदाजपत्रक अहवाल काढला, त्यामुळे हवामानविषयक खर्च वेगळा दाखवणे अशक्य आहे असे इतर महापालिकांना म्हणता येणार नाही. वेळापत्रकही त्यानुसार बसवावे: महापालिकेचे अंदाजपत्रक वर्षारंभी मांडले जाते, त्यामुळे शिफारशी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत हातात हव्यात. फेब्रुवारीत घेतलेली सभा पुढच्या वर्षासाठी उशिराची आणि त्याच्या पुढच्या वर्षासाठी शिळी ठरते.

गावात

ग्रामपंचायतीच्या पातळीवर सोडतीची गरज नाही, कारण सर्व मतदारांची ग्रामसभा आधीच आहे. अडचण गणपूर्तीची आहे: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते, ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे महत्त्वाचे ठराव मोजक्या लोकांत होऊन जातात. हवामानाशी निगडित विषय तहकूब सभेत घ्यायचा नाही, असा ठराव ग्रामसभा स्वतःसाठी करू शकते.

गावात हवामान हा शब्द न उच्चारताही विषय घेता येतो, आणि तसा घेतलेला बरा. हिवरे बाजारमध्ये पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. किती पाऊस पडला, पिण्यासाठी किती राखायचे, उरलेल्यात रब्बीची कोणती पिके किती क्षेत्रावर घ्यायची, हे त्यावरून ठरते, आणि शेतीसाठी बोअर न घेण्यासारखे कठोर नियम गावाने स्वतःवर घातले आहेत. हवामान धोरण म्हणतात ते हेच. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावपातळीवर ग्राम कृषी संजीवनी समिती आणि सूक्ष्म नियोजन यांची रचना होती. अशा समितीच्या बैठकीत शेततळे कोणाला, ठिबक कोणाला यावर चर्चा अडकू द्यायची नसेल तर पाण्याचा ताळेबंद आधी आणि लाभार्थ्यांची यादी नंतर, हा क्रम सोडू नये. जे ठरेल ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात उतरले पाहिजे. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरणविषयक अभियानाच्या गुणांसाठी केलेली कामे आणि आराखड्यातली कामे वेगवेगळ्या वह्यांत राहिली, तर दोन्ही अर्धवट राहतात.

जनसुनावणी समोर असेल तर

एखाद्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली असेल, तर वरची सारी आखणी करण्याइतका वेळ नसतो. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासंबंधीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. पहिल्याच आठवड्यात सारांश मिळवून तो गटांत वाचावा आणि पाण्याचा वापर, पूररेषा, तापमान, कांदळवने किंवा जंगल यांसंबंधी एकेका मुद्द्याचे लेखी निवेदन तयार करून त्याची पोच घ्यावी. एकाच मजकुराची शंभर निवेदने देण्यापेक्षा वेगवेगळ्या अनुभवाची दहा निवेदने परिणामकारक ठरतात, कारण प्रकल्प प्रवर्तकाला प्रत्येक मुद्द्याचे उत्तर अंतिम अहवालात द्यावे लागते. सुनावणी संपताना कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. ते झाल्याशिवाय उठू नये, आणि आपला मुद्दा नोंदला गेला नसेल तर तिथेच सांगावे.

प्रक्रिया टिकवण्यासाठी

वर्षभरानंतर त्याच सदस्यांना पुन्हा बोलावून तक्त्यातील प्रत्येक ओळीची स्थिती त्यांच्यापुढे मांडावी. हे दुसरे बोलावणे पहिल्याच आमंत्रणपत्रात, तारखेसह, लिहिलेले असावे. महापालिकांत आयुक्तांची बदली मध्येच होते, आणि राज्यातील अनेक महापालिका २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा अशा उपक्रमांना धनी उरला नव्हता. त्यामुळे संपूर्ण प्रक्रिया आयुक्तांच्या परिपत्रकावर उभी न करता सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा, त्यात सदस्यसंख्या, सोडतीची रीत, भत्त्याचा दर, उत्तर देण्याची मुदत आणि वार्षिक आढावा ही पाच कलमे स्पष्ट लिहावीत, आणि त्या ठरावाची प्रमाणित प्रत सर्व सदस्यांना पहिल्याच दिवशी द्यावी.